वसंताची वर्दी : रेंगाळलेले हिम आणि ऋतूंच्या नोंदींचा इतिहास



या स्मृतिव्याख्यानासाठी मी निवडलेला विषय ऐकून आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. इतिहासाच्या अभ्यासकाने राज्ये, लढाया आणि तह यांविषयी बोलावे, फार तर समाज व संस्था यांविषयी बोलावे. बर्फ केव्हा वितळला आणि फूल केव्हा उमलले ही काय इतिहासाची सामग्री झाली? त्यातही आपण माळव्यात राहणारी माणसे. आपल्या पूर्वजांनी नर्मदा ओलांडून येथे संसार थाटले त्याला अडीचशे वर्षांहून अधिक काळ लोटला. परंतु एवढ्या अवधीत अंगणात बर्फ पडल्याची आठवण आपल्या कोणा घराण्यात असेल असे मला वाटत नाही. असे असूनही येथल्या गव्हाच्या ओंबीचे आणि हिमालयातील हिमाचे नाते फार निकटचे आहे, आणि ते नाते उलगडण्याच्या प्रयत्नात आपल्या देशातील एका मोठ्या शास्त्राचा पाया घातला गेला. हिम किती काळ रेंगाळले आणि वसंताने केव्हा वर्दी दिली, याची नोंद माणसाने का ठेवली, कोणी ठेवली आणि त्या नोंदींचे पुढे काय झाले, एवढ्याच प्रश्नांचा मी आज मागोवा घेणार आहे.

आरंभ आपल्याच परंपरेपासून करू. शास्त्राप्रमाणे चैत्र आणि वैशाख हे वसंताचे महिने. पण वसंतपंचमी मात्र माघात येते, म्हणजे ज्या ऋतूला आपण शिशिर म्हणतो त्या ऋतूत. ही विसंगती नव्हे, ही वर्दी होय. राजा नगरात प्रवेश करण्यापूर्वी भालदार-चोपदार पुढे यावेत, तसा प्रकार. येथून जवळच असलेल्या उज्जयिनीशी ज्याचे नाव कायमचे जोडले गेले आहे, त्या कालिदासाने ‘ऋतुसंहारा’त सहा ऋतूंचे वर्णन ग्रीष्मापासून आरंभून वसंतापाशी संपविले. पण आजच्या विषयाच्या दृष्टीने मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो ‘कुमारसंभवा’चा तिसरा सर्ग. शंकराच्या तपोवनात, हिमाच्या प्रदेशात, कामदेवाच्या साह्यासाठी वसंत अवेळी अवतरतो. त्या अकालवसंताची परिणती कशात झाली हे आपण जाणताच. मदनाचे भस्म झाले. वेळेपूर्वी आलेला वसंत मनोहर असतो, परंतु मंगल असतोच असे नाही, ही जाण आपल्या काव्यात एवढी जुनी आहे.

मात्र सण आणि नोंद या दोन भिन्न गोष्टी आहेत. तिथी चंद्राच्या गतीवर अवलंबून असल्यामुळे वसंतपंचमी कधी जानेवारीच्या अखेरीस येते, तर कधी फेब्रुवारीच्या मध्यास. यंदा पळस पंचमीच्या आधी फुलला की नंतर, एवढे सांगून ऋतू खरोखर लवकर आला की उशिरा, हे ठरत नाही. कारण मोजपट्टीच मागेपुढे सरकत असते. चिनी लोकांनी ही अडचण ओळखून सूर्याच्या गतीनुसार वर्षाचे २४ भाग पाडले. त्यांतला पहिला, म्हणजे वसंतारंभ, ४ फेब्रुवारीच्या सुमारास येतो. पुढचा पर्जन्यजलाचा, आणि त्यापुढचा, मार्चच्या पहिल्या आठवड्यातला, कीटकांच्या जागृतीचा. भूमीच्या पोटात निजलेले किडे मेघगर्जनेने जागे होतात, अशी त्यामागची कल्पना. शेतकऱ्याने नांगर केव्हा काढावा हे त्यावरून ठरे. ही कालगणना २०१६ साली युनेस्कोने मानवाच्या अमूर्त वारशाच्या यादीत समाविष्ट केली. आपल्याकडेही संक्रांतीच्या रूपाने सौरगणना आहेच. उत्तराखंडात मार्चच्या मध्यास, मीन संक्रांतीला, ‘फूलदेई’ साजरी होते. लहान मुले पिवळी फ्योली आणि लाल बुरांस वेचून घरोघरच्या उंबऱ्यावर वाहतात. डोंगरमाथ्यावर हिम अद्याप असते, आणि उंबऱ्यावर वसंत आलेला असतो.

काश्मीरची गणना याहून काटेकोर आहे. २१ डिसेंबरच्या सुमारास तेथे ‘चिल्लई कलां’ सुरू होतो, तो ४० दिवसांचा कडक हिवाळा. त्यानंतर २० दिवसांचा ‘चिल्लई खुर्द’ आणि शेवटी १० दिवसांचा ‘चिल्लई बच्चा’. थोरला, धाकटा आणि तान्हा असे थंडीचे हे तीन भाऊ निघून गेले की ‘सोंथ’, म्हणजे वसंत, येतो आणि श्रीनगरातील बादामवारीत बदामाची झाडे पाने फुटण्यापूर्वीच फुलांनी लहडतात. या विभागणीत जीवनाचा हिशेब आहे. चिल्लई कलांत पडलेला बर्फ घट्ट बसतो, डोंगरात साठून राहतो आणि उन्हाळाभर झऱ्यांना व कालव्यांना पाणी पुरवितो. नंतर पडलेला बर्फ लवकर वाहून जातो. म्हणून बर्फ पडला की नाही एवढ्यावर काश्मिरी शेतकऱ्याचे समाधान होत नाही, तो केव्हा पडला हे त्याला कळावे लागते. कल्हणाने बाराव्या शतकात, ११४८ ते ११५० या काळात, ‘राजतरंगिणी’ रचली, तिच्या दुसऱ्या तरंगात राजा तुंजीन याच्या कारकीर्दीची कथा आहे. भाद्रपदात, साळीचे पीक उभे असताना अवचित हिमवर्षाव झाला आणि देशात दारुण दुष्काळ पडला. राजाने व राणी वाक्पुष्टेने आपले भांडार प्रजेसाठी रिते केले, असे कल्हण सांगतो. त्या कथेतील चमत्काराचा भाग सोडून दिला तरी एक ऐतिहासिक सत्य उरते : अवेळी पडलेल्या हिमाने राज्य हादरते, ही गोष्ट इतिहासकाराला नोंदविण्याजोगी वाटली.

आता नोंदींकडे वळू. ऋतूची जगातील सर्वांत दीर्घ नोंद जपानात, क्योतो नगरीत सापडते. इसवी सन ८१२ मध्ये सम्राट सागा याने चेरीच्या बहराचा उत्सव केला, आणि तेव्हापासून दरबारी सरदार, मठांतील भिक्षू व राजपुरुष यांनी आपापल्या रोजनिशींत चेरी पूर्ण बहरल्याचा दिवस टिपून ठेवला. त्यांना हवामानाचा अभ्यास करावयाचा नव्हता. बहर पाहावयास कोण आले, कोणी कविता केल्या, मद्य कोठले होते, हे लिहिताना दिवस आपोआप लिहिला गेला. ओसाका येथील प्राध्यापक यासुयुकी आओनो यांनी या जुन्या दफ्तरांतून एकेक तारीख वेचली आणि जपानी चांद्र दिनांकांचे आजच्या पंचांगात रूपांतर करून बाराशे वर्षांची मालिका सिद्ध केली. शक आणि इसवी सन यांचा मेळ घालताना ज्यांनी मोडी कागदांवर रात्री जागविल्या आहेत, त्यांना या श्रमांचे मोल सांगावयास नको. या मालिकेवरून दिसते ते असे. शतकानुशतके क्योतोची चेरी साधारणतः एप्रिलच्या मध्याच्या आसपास पूर्ण बहरत असे. एकोणिसाव्या शतकापासून तो दिवस हळूहळू अलीकडे सरकू लागला. १४०९ साली २७ मार्च रोजी बहर आला होता. तो विक्रम सहा शतके टिकला आणि २०२१ साली २६ मार्चला मोडला.

त्याच जपानात सुवा नावाचे सरोवर आहे. कडक थंडीत ते गोठले की रात्रीच्या व दिवसाच्या तापमानातील फरकामुळे बर्फाला तडे जातात आणि पृष्ठभागावर उंचवट्यांची एक लांब रेघ उमटते. पैलतीरावरील देवीला भेटण्यासाठी देव सरोवर ओलांडून गेला, ही त्याची पाऊलवाट, अशी लोकांची श्रद्धा. तेथील पुजाऱ्यांनी १४४३ सालापासून ही वाट उमटल्याचा दिवस लिहून ठेवला आहे. पुजारी बदलले, राजवटी बदलल्या, वही चालू राहिली. अलीकडच्या दशकांत मात्र अनेक हिवाळ्यांत सरोवर पुरते गोठतच नाही, आणि पुजाऱ्याला ‘यंदा वाट उमटली नाही’ एवढेच लिहावे लागते. तेही तो लिहितो, हे महत्त्वाचे. युरोपच्या उत्तर टोकाला, स्वीडन आणि फिनलंड यांच्या सीमेवर, टोर्ने नदीतील बर्फ वसंतात केव्हा फुटतो याची नोंद ओलोफ आल्बोम नावाच्या व्यापाऱ्याने १६९३ साली सुरू केली. बर्फ फुटला की नदीतून मालाची ने-आण सुरू होई, हा त्याचा सरळ हेतू. अठराव्या शतकाच्या आरंभी रशियन सैन्याच्या आक्रमणामुळे त्या नोंदीत काही वर्षांचा खंड पडला. पुढे ती पुन्हा सुरू झाली. एकीकडे पुजारी, दुसरीकडे व्यापारी. एकाला देवाची वाट पाहावयाची, दुसऱ्याला गलबताची. पण दोघांच्या वह्यांतून आज एकच कथा वाचावयास मिळते.

तिसरी वही एका घराण्याची. इंग्लंडमधील नॉरफोक परगण्यात रॉबर्ट मार्शम या जमीनदाराने १७३६ साली वसंताच्या खुणा टिपावयास सुरुवात केली : हिमपुष्प केव्हा उमलले, ओक व इतर वृक्षांना पालवी केव्हा फुटली, बेडूक केव्हा ओरडू लागले, पाकोळी आणि कोकिळ केव्हा आले. अशा २७ खुणांची त्याची टाचणे १७८९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. १७९७ साली तो वारला. पण पुढल्या पिढ्यांनी हा वसा, मधल्या काही वर्षांचा अपवाद वगळता, १९५८ पर्यंत चालविला. त्याच सुमारास, १७५०च्या आरंभी, स्वीडनमध्ये लिनिअसने निरनिराळ्या ठिकाणी निरीक्षक नेमून पालवी व फुले यांचे दिनदर्शक तयार करण्याचा उपक्रम केला. जिनीव्हा शहराने तर हे काम सरकारी केले. १८१८ सालापासून तेथील एका ठरावीक चेस्टनट वृक्षाला पहिली पालवी फुटली की विधिमंडळाचा सचिव तशी अधिकृत घोषणा करतो. कायदे आणि अंदाजपत्रके यांच्या दफ्तरात एका पानाच्या जन्माची नोंद व्हावी, ही गोष्ट मला फार लोभस वाटते.

परंतु वसंताची खूण म्हणजे आनंदवार्ताच, असा समज करून घेऊ नये. मध्य युरोपातील शेतकरी ११ ते १५ मे या पाच दिवसांना ‘हिमसंत’ म्हणतात. त्या दिवसांवर ज्या ख्रिस्ती संतांचे स्मरण असते, ते जाताजाता थंडीचा एक तडाखा देऊन जातात, म्हणून कोवळी रोपे त्यांच्यानंतरच उघड्यावर लावावीत, असा तेथील जुना दंडक. उशिराच्या थंडीने केवढा अनर्थ होतो याचे टोकाचे उदाहरण १८१६चे. एप्रिल १८१५ मध्ये आजच्या इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा स्फोट झाला. त्यातून उडालेल्या द्रव्यांचा पातळ पडदा पृथ्वीभोवती पसरला आणि सूर्याची उष्णता घटली. पुढल्या वर्षी जून महिन्यात अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि क्वेबेक प्रांतात बर्फ पडला, युरोपात पिके कुजली, धान्य महागले, लोक देशोधडीला लागले. ते वर्ष ‘उन्हाळ्याविना वर्ष’ म्हणून इतिहासात नमूद झाले.

आजचा धोका मात्र वेगळ्या वळणाने येतो. एप्रिल २०२१ मध्ये फ्रान्समधील द्राक्षमळ्यांत शेतकऱ्यांनी रात्र रात्र वेलींच्या ओळींतून मशाली पेटवून ठेवल्या. ती थंडी अभूतपूर्व नव्हती. तशी थंडी एप्रिलमध्ये पूर्वीही पडे. पण आधीच्या मार्चमधील उबेला भुलून वेलींनी कोंब काढले होते, आणि निजलेल्या डोळ्याला जे हिम बाधत नाही ते उघडलेल्या कोंबाला जाळून टाकते. दोष हिमाच्या उशिराचा थोडा, वसंताच्या घाईचा अधिक. कालिदासाचा अकालवसंत येथे द्राक्षमळ्यात अवतरला, असे म्हटले तर वावगे होऊ नये.

आता आपल्या देशाकडे येऊ. १८७६ ते १८७८ या काळात दख्खन, म्हैसूर आणि मद्रास इलाखा यांवर जो दुष्काळ कोसळला, त्यात पन्नास लाखांहून अधिक माणसे दगावली असा अंदाज आहे. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्या वेळी गावोगावची माहिती जमवून सरकारपुढे मांडली, हे आपण शाळेत वाचले आहे. त्याच सुमारास, १८७५ साली, हिंदुस्थानच्या हवामानखात्याची स्थापना झाली होती आणि हेन्री ब्लॅनफर्ड हा त्याचा पहिला प्रमुख होता. पाऊस हुकणार हे आधी सांगता येईल काय, हा प्रश्न त्याच्यापुढे शास्त्रीय कुतूहल म्हणून आला नव्हता. प्रेतांच्या राशींतून आला होता. त्याने हिमालयातील हिमपाताची माहिती मिळविली आणि ती पावसाशी ताडून पाहिली. १८८४ साली रॉयल सोसायटीपुढे त्याने आपला सिद्धान्त मांडला. पश्चिम हिमालयात वसंतात उशिरापर्यंत विपुल हिम पडले, तर उत्तर व पश्चिम हिंदुस्थानात कोरडे वारे अधिक काळ वाहतात आणि पावसाला ओढ लागते, हा त्याचा आशय. या आधारावर खात्याने १८८६ पासून मोसमी पावसाची भाकिते नियमितपणे प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. इतक्या मोठ्या प्रदेशासाठी, इतके आधी भाकीत करण्याचा असा प्रयत्न जगात तोवर कोणी केला नव्हता.

त्यामागील कारण समजावयास कठीण नाही. ताजे हिम आपल्यावर पडणाऱ्या सूर्यप्रकाशापैकी ८० टक्क्यांहून अधिक प्रकाश परत पाठविते. म्हणजे जमीन तापतच नाही. जी उष्णता शोषली जाते तीही आधी हिम वितळविण्यात खर्च होते. एक ग्रॅम बर्फाचे पाणी करण्यास सुमारे ८० कॅलरी लागतात. वितळल्यावर ओली झालेली जमीन सुकविण्यात आणखी उष्णता जाते. तेव्हा हिम रेंगाळले की आशियाची भूमी उशिरा तापते, भूमी व सागर यांच्या तापमानातील अंतर पुरेसे वाढत नाही, आणि ज्या ओढीने समुद्रावरील बाष्पयुक्त वारे आपल्याकडे येतात ती ओढच मंदावते.

सिद्धान्त सुबक होता, परंतु निसर्ग एवढा सुबक नाही. ब्लॅनफर्डनंतर जॉन इलियट खात्याचा प्रमुख झाला. १८९९ साली त्याने चांगल्या पावसाचे भाकीत केले आणि त्याच वर्षी शतकातील एक अत्यंत भीषण अवर्षण झाले. विक्रम संवत् १९५६ वरून त्याला आपल्याकडे ‘छप्पन्याचा दुष्काळ’ म्हणतात. राजपुताना व गुजरात त्यात होरपळून निघाले. माळव्याची भूमी दुष्काळ जाणत नाही, अशी जी ख्याती होती, तीही त्या वर्षी ढळली. माझ्या आजीच्या पिढीतील वृद्ध माणसे अन्न टाकणाऱ्या मुलाला ‘छप्पन्या पाहिला असतास म्हणजे कळले असते’ असे म्हणत. प्रत्यक्ष पाहिलेले त्यांतही थोडेच होते, पण शब्दाचा धाक शिल्लक होता. भाकीत चुकले म्हणजे केवळ एक कागद चुकत नाही, हे त्या एका शब्दावरून ध्यानात यावे.

या अपयशानंतर, १९०४ साली, केंब्रिजचा गणिती गिल्बर्ट वॉकर खात्याच्या सर्वोच्च पदावर आला. त्याने हिमाचा त्याग केला नाही. हिमालयातील मे अखेरचा हिमसंचय त्याच्या समीकरणांत होता. पण एका कारणावर विसंबण्याऐवजी त्याने जगभरच्या वेधशाळांतील वायुभार, तापमान व पाऊस यांचे आकडे मागविले आणि हिंदी कारकुनांच्या साह्याने त्यांचे परस्परसंबंध वर्षानुवर्षे गणित करून काढले. त्या आकडेमोडीतून प्रशांत महासागराच्या एका बाजूस वायुभार वाढला की दुसऱ्या बाजूस तो घटतो, हा झोका त्याच्या नजरेस आला. त्यालाच १९२० नंतरच्या दशकात त्याने ‘दक्षिणी आंदोलन’ असे नाव दिले. पुढे १९६९ साली ब्यर्कनेस याने त्याचा एल निनोशी असलेला संबंध स्पष्ट केला. आज आपणांस ठाऊक आहे की १८७७ आणि १८९९ ही दोन्ही एल निनोची वर्षे होती. ब्लॅनफर्डने हिमालयाच्या शिखरांवर जो अपराधी शोधला, त्याचा मोठा साथीदार सहस्रावधी कोस दूर समुद्रात दडला होता. तथापि हिमापासून निघालेली वाटच वॉकरला समुद्रापर्यंत घेऊन गेली, हे विसरता कामा नये.

येथे एक छोटीशी मराठी खूण सांगतो. हवामानखात्याचे मुख्यालय १९०५ साली कलकत्त्याहून सिमल्यास गेले आणि १९२८ साली तेथून पुण्यास आले. शिवाजीनगरच्या ज्या इमारतीत ते आले, तिला पुणेकर आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. तेथल्या चौकालाही तेच नाव आहे. रोज हजारो लोक त्या नावाच्या थांब्यावर चढतात-उतरतात. हिमाच्छादित सिमल्याचे नाव पुण्याच्या रस्त्यावर कसे आले, त्याचे उत्तर ब्लॅनफर्ड-वॉकरांच्या या कथेत आहे. १९४४ साली मुख्यालय दिल्लीस गेले. नाव मात्र मागे राहिले.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हिम आणि पाऊस यांचा संबंध क्षीण होत गेला आणि जुन्या समीकरणांतून हिम बाजूला पडले. परंतु १९६०च्या दशकात कृत्रिम उपग्रहांनी पृथ्वीची छायाचित्रे पाठविण्यास आरंभ केला, आणि केवळ काही डोंगरी ठाण्यांवरून कळविलेले हिम नव्हे, तर अवघ्या युरेशिया खंडावरील हिमाचे आवरण मोजता येऊ लागले. १९७६ साली हान आणि जगदीश शुक्ल यांनी दाखविले की युरेशियात हिवाळ्यातील हिमावरण अधिक असेल तर भारतातील पुढचा पाऊस कमी होण्याकडे कल दिसतो. जवळजवळ शतकानंतर ब्लॅनफर्ड नव्या रूपाने परत आला. १९८८ साली डॉ. वसंत गोवारीकर यांच्या मार्गदर्शनाखाली १६ घटकांचे प्रारूप भाकितासाठी वापरात आले, त्यांत हिमालयातील व युरेशियातील हिमावरण यांना स्थान होते. आपल्या एका शास्त्रज्ञाचे नाव वसंत असावे आणि त्याने हिमाच्या आधारे वर्षेचे भाकीत करावे, हा योग मला नेहमीच मौजेचा वाटत आला आहे. ते प्रारूप अनेक वर्षे उपयोगी पडले. २००२ साली मात्र सरासरीच्या १०१ टक्के पावसाचे भाकीत असताना प्रत्यक्षात ८१ टक्केच पाऊस झाला, आणि पद्धती पुन्हा बदलल्या. हिमाची दखल मात्र सुटलेली नाही. २०२४च्या एप्रिलमध्ये खात्याने जे भाकीत जाहीर केले, त्यातही उत्तर गोलार्धातील हिमावरण सरासरीहून कमी असल्याचा उल्लेख होता. त्या वर्षी पाऊस चांगला झाला.

मित्रहो, हा इतिहास आपल्यापासून दूरचा नाही. भूमध्य समुद्राकडून हिवाळ्यात जे वातप्रवाह येतात, ज्यांना हवामानखाते पश्चिमी विक्षोभ म्हणते, तेच काश्मीर-हिमाचलात बर्फ टाकतात आणि तेच कधी कधी आपल्या माळव्यात मावठा आणतात. पौषातला हलका मावठा गव्हा-हरभऱ्याला अमृतासमान असतो. तोच फाल्गुनात गारांसह आला तर कापणीला आलेले पीक आडवे होते आणि आंब्याचा मोहोर झडतो. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्र व मध्य प्रदेश यांनी ते अनुभवले. त्याउलट मार्च २०२२ हा देशात १९०१ पासूनच्या नोंदींतला सर्वांत उष्ण मार्च ठरला. वसंताला बाजूस सारून ग्रीष्म थेट दाराशी आला, गव्हाचे दाणे भरण्याआधीच वाळले आणि मे महिन्यात सरकारला गव्हाची निर्यात थांबवावी लागली. जानेवारी २०२४ मध्ये, ऐन चिल्लई कलांत, गुलमर्गची कुरणे बर्फाविना उघडी पडली होती. हिम उशिरा येणे, वसंत लवकर येणे, आणि दोहोंचा मेळ तुटणे, या आता आपल्या ताटाशी संबंध असलेल्या घटना आहेत.

असे असता आपल्या नोंदी कोठे आहेत? आपल्याकडे ऋतूंचे काव्य विपुल आहे, निरीक्षणही सूक्ष्म आहे. याच इंदूर नगरीत १९१० साली जन्मलेल्या दुर्गाबाई भागवतांनी ‘ऋतुचक्रा’त बारा महिन्यांतील झाडे, फुले आणि आभाळ यांचे जे दर्शन घडविले, ते डोळे उघडे ठेवून हिंडणाऱ्या अभ्यासिकेचेच काम आहे. पण अमुक झाडाला अमुक साली अमुक दिवशी पहिले फूल आले, अशी एका जागी बसून पन्नास-शंभर वर्षे चालविलेली वही आपल्याकडे विरळा. यात बुद्धीचे काम थोडे, चिकाटीचे फार. क्योतोचे भिक्षू, सुवाचे पुजारी, मार्शमचे वंशज हे कोणी थोर शास्त्रज्ञ नव्हते. आपल्या वहीचा उपयोग कोणाला होईल हे त्यांना माहीत नव्हते, आणि ते जाणून घेण्याची त्यांना निकडही नव्हती. त्यांनी फक्त आपल्या वाटणीचे पान कोरे जाऊ दिले नाही.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते भूगोल शिकवीत. वर्गात आल्यावर प्रथम फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात ते त्या दिवशीचे तापमान लिहीत आणि तास संपला की फळा पुसताना तेवढा कोपरा ठेवून देत. आम्ही विद्यार्थी त्याकडे क्वचितच पाहत असू. ते आकडे त्यांनी वहीत उतरवून ठेवले असते, तर आज या शाळेपाशी या नगराच्या ऋतूंचा अर्धशतकाचा इतिहास असता. फळ्यावरचे ते आकडे दुसऱ्या दिवशी पुसले गेले. त्यांची पद्धत मात्र आपल्याला उचलता येईल.

म्हणून समारोप करताना संस्थेपुढे एक विनंती ठेवतो. देशात २०१० पासून ‘सीझनवॉच’ नावाचा उपक्रम चालू आहे. त्यात सर्वसामान्य नागरिक आणि शाळेतील मुले ठरावीक झाडांची पालवी, फुले आणि फळे यांची नोंद करतात. त्यात आपल्या शाळेने सहभागी व्हावे. आणि त्याशिवाय आपली स्वतःची एक जाड बांधणीची वही करावी. शाळेच्या आवारात किंवा जवळपास एक पळस, एक आंबा, एक कडुनिंब निश्चित करावा. पळसाचे पहिले फूल, आंब्याचा पहिला मोहोर, कडुनिंबाची पहिली पालवी, कोकिळेची पहिली साद, मावठा आणि गारा, एवढ्याच गोष्टी तारखेनिशी, इंग्रजी दिनांक आणि तिथी दोन्ही देऊन लिहाव्यात. खूण दिसली नाही तर ‘दिसली नाही’ असेही लिहावे. दरवर्षी आठवीच्या वर्गाने हे काम करावे आणि वर्ष संपताच वही पुढल्या आठवीच्या स्वाधीन करावी. जे माजी विद्यार्थी आज पुण्यात, मुंबईत किंवा सातासमुद्रापार हिमाच्या देशांत राहतात, त्यांनी आपापल्या अंगणातील वसंताची पहिली खूण पत्राने कळवावी. तीही त्याच वहीत उतरावी. यास खर्च एका वहीचा आणि एका लेखणीचा.